शब्द फिरवणे : अर्थ आणि वाक्यात उपयोग

मुंबईला असताना जूडिथ चेऊलकर माझगावच्या शाळेत चौथीच्या मुलींना मराठी शिकवायच्या. परीक्षेत 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न त्या हमखास घालायच्या, आणि त्यात मुलींची हमखास दांडी उडायची. अर्थ पाठ करून यायच्या, उपयोग मात्र भलताच. एका मुलीनं एकदा लिहिलं होतं, 'आमच्या बाईंनी ओल्या फडक्याने फळ्यावरचा शब्द फिरवला.' जूडिथबाईंनी तिला शून्य दिलं, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जाऊन पोट धरून हसल्या. अर्थाच्या बाबतीत त्या फार कडक. अर्धा अर्थ लिहिला म्हणून अर्धा गुण कुणाला मिळत नसे.

इस्राएलमधल्या मित्स्पे रामोनला मराठी बोलायला कुणी नव्हतं. वाळवंटात, एका अजस्र खड्ड्याच्या काठावर वसवलेलं ते गाव. घरांच्या मोजक्या ओळी, एक दुकान, एक दवाखाना आणि बारमाही वारा. कामगारांचे निळे डगले शिवायचा लहानसा कारखाना होता, तिथं त्यांना काम मिळालं होतं. शिलाई झालेल्या डगल्यांचे लोंबते दोरे कापायचे. कात्री हातात, तोंड बंद. आजूबाजूच्या बायका मोरोक्कोच्या, रुमानियाच्या. त्या आपापल्या भाषेत बोलत, मध्येच हिब्रूत ओरडत. जूडिथबाई मान हलवायच्या आणि पुढचा डगला ओढायच्या.

त्या इथं आल्या त्या भावासाठी. सॅम्युएल त्यांच्याहून बराच धाकटा. त्याची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी रूत रांगत होती. जूडिथबाईंचं तेव्हा पुण्याच्या एका रेल्वेतल्या माणसाशी ठरत आलं होतं. "पोर जरा मोठी होऊ दे," असं त्या म्हणाल्या. तो माणूस काही दिवस थांबला, मग थांबला नाही. त्याला तरी नावं कशी ठेवायची? रूत मात्र वाढली. सॅम्युएलचा डबा, त्याचे शर्ट, त्याच्या गोदीतल्या पाळ्या, त्याचा खोकला, सगळं बहिणीच्या हाताखाली चाललं.

त्यांच्या यहुदी घरात इस्राएलला जायचं वारं शिरलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला होता. शाळेत मुख्य बाई व्हायची पाळी त्यांचीच होती. "तुम्ही दोघं जा. मी इथं बरी आहे."

सॅम्युएल तेव्हा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला होता. रूत दाराशी उभी होती. "बाय, तू नाय तर आमी पण नाय," तो म्हणाला. "जिथं आमी, तिथं तू. एका छपराखाली. शब्द देतो तुला."

त्यावर त्यांनी शाळेत राजीनामा दिला.

एकोणीसशे बासष्टच्या सुरुवातीला ते इथं पोचले. उन्हाळ्यात सॅम्युएलला हैफाच्या बंदरात काम मिळालं. तो मुंबईचा गोदीवाला, क्रेनचा जाणकार. तिथल्या लोकांना असा माणूस हवाच होता. जागा दोघांपुरतीच मिळत होती. रूतला नर्सिंगच्या शाळेत घालायचं होतं, म्हणून ती त्याच्याबरोबर निघाली.

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून सॅम्युएल म्हणाला, "पेसाहच्या सणाच्या आत तुला नेतो, बाय. ब्ली नेदेर."

हे शेवटचं नवीन होतं. पण 'नेदेर' शब्द जूडिथबाईंच्या कानावरून गेलेला होता. योम किप्पूरच्या उपासाच्या प्रार्थनेत तो यायचा. नेदेर म्हणजे शपथ, नवस, देवापुढं बोललेलं. 'ब्ली' त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, असेल काहीतरी 'देवाशपथ'सारखं. पोरगा इथं येऊन धार्मिक झाला, हे त्यांना बरंच वाटलं.

तेव्हापासून तो शब्द त्यांच्या तोंडी बसला. शेजारच्या येमिमानं, त्या येमेनच्या म्हातारीनं, हातवारे करून विचारलं की त्या ताठ होऊन सांगायच्या, "हैफा. पेसाह. ब्ली नेदेर!" येमिमा मान डोलवायची. दुकानदाराला सांगून झालं. कारखान्यात सांगून झालं. शुक्रवारी दिवे लावून झाले की त्या खिडकीपाशी बसायच्या आणि हैफाच्या खोलीत काय काय कुठं ठेवायचं ते मनात लावायच्या. समुद्र दिसतो म्हणे तिथून. कोकणातला माणूस समुद्रावाचून किती दिवस राहणार?

पेसाह जवळ आला. मोठ्या माणसांना हिब्रू शिकवायला लष्करातर्फे ओस्नात नावाची मुलगी गावात यायची. विशीतली, गणवेशातली, नाकावर उन्हाचे ठिपके. कारखाना सुटला की शाळेच्या वर्गात ती सगळ्यांना गोळा करी. सणाच्या आधीच्या आठवड्यात तिनं भविष्यकाळ घेतला. प्रत्येकानं एक वाक्य करायचं.

जूडिथबाई उभ्या राहिल्या. मुलांच्या बाकड्यावर बसायची त्यांना लाज वाटे, उभं राहायची नाही. त्यांनी ठणठणीत आवाजात वाक्य टाकलं, 'माझा भाऊ मला हैफाला नेईल, ब्ली नेदेर.' आणि 'ब्ली नेदेर' म्हणताना बाकावर मूठ आपटली.

ओस्नात हसली. "वाक्य छान आहे. पण मूठ का आपटलीत?"

"नक्की म्हणून."

 मग फळ्याशी जाऊन तिनं दोन शब्द वेगवेगळे लिहिले. एकावर बोट ठेवून तिनं रिकामा पेला उलटा धरून दाखवला: ब्ली, नसलेला, वाचून. दुसऱ्यावर बोट ठेवून हात वर केला: नेदेर, शपथ. "शपथेवाचून," ती हळू हळू, सोप्या हिब्रूत म्हणाली. "माणूस म्हणतो, मी करीन, पण ही शपथ नाही. नाही जमलं तर देवाकडे मोडल्याचा दोष नको. चांगली माणसं असं म्हणतात, गिवेरेत जूडिथ. देवाला भिणारी माणसं."

"केन," जूडिथबाई म्हणाल्या. हो. आणि खाली बसल्या. पुढं रुमानियाचा एक गृहस्थ उठून दात काढून घेणार असल्याचं काहीतरी सांगू लागला.

त्या पेसाहला सॅम्युएल आला नाही. बंदरात बोटींची गर्दी आहे, असा निरोप आला. जूडिथबाईंनी येमिमाकडे सेदेरचं, सणाच्या पहिल्या रात्रीचं जेवण घेतलं. आपण पूर्वी या सणाच्या बिनखमिराच्या भाकरी स्वतः थापायचो, हे त्यांना कुणाला सांगता आलं नाही. नंतरचे कित्येक दिवस जूडिथबाई त्या एका वाक्याशी झगडत राहिल्या. सॅमू देवाला भिऊन तसं म्हणाला होता की त्यांना? चांगला माणूसही तेच म्हणतो आणि पळणाराही तेच म्हणतो, तर ऐकणारानं ओळखायचं कसं? दोरे कापता कापता त्या मराठीतले सगळे प्रकार मनाशी घोळवायच्या. शब्द मोडणं वेगळं, त्यात आवाज असतो, भांडण असतं. शब्दाला न जागणं वेगळं, त्यात आळस असतो. टांग देणं हे टवाळांचं. आणि शब्द फिरवणं? ते सगळ्यात हलक्या हातानं होतं. शब्द तिथंच असतो, फक्त त्याचं तोंड दुसरीकडे झालेलं असतं.

पण हा विचार त्या पुरा करत नसत. भाऊ होता तो. मध्येच पुढचा डगला ओढत.

तशात त्रेसष्टचा हिवाळा लागला, आणि एका दुपारी कारखान्याच्या फाटकाशी सॅम्युएल उभा दिसला. नवा कोट, कडेनं पिकलेले केस. बहिणीला पाहिल्यावर त्यानं टोपी काढली, जशी तो लहानपणी मार चुकवायला काढायचा.

"बाय, चल. तुला न्यायला आलो."

जूडिथबाईंनी कात्री टेबलावर ठेवली ती ठेवलीच. सुट्टीसुद्धा त्यांनी मागितली नाही. 'हैफा' एवढंच म्हणाल्या, आणि बायकांनी आपापल्या भाषेत कल्ला केला. घरी येऊन त्यांनी ट्रंक ओढली. लुगडी, मुंबईची पितळी पातेली, आईचा फोटो, मसाल्याचे डबे. रॉकेलचा स्टोव्ह आणि झाडू येमिमाला देऊन टाकला. येमिमा त्यांचं कपाळ दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटली. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, जूडिथबाईंच्या नव्हतं. त्या घाईत होत्या.

सॅम्युएल खाटेच्या कडेला बसून हे सगळं पाहत होता. टोपी गुडघ्यावर फिरवत होता. एकदाच म्हणाला, "एवढं सामान कशाला, बाय?"

"मग काय इथं वाऱ्याला ठेवू?"

 बीरशेवा शहराच्या पुढं, बस सपाटीला लागल्यावर त्यानं सांगितलं. रूतचं लग्न ठरलं होतं. मुलगा योएल, तिच्याच इस्पितळात एक्स-रे काढणारा, आईबाप रुमानियाचे. घरचे राजी. पण धर्मपीठाच्या कचेरीत लग्न नोंदवायला गेले तर हिंदुस्थानातून आलेल्यांना वेगळे प्रश्न. आईची आई कोण, तिची आई कोण, सगळ्या यहुदीच होत्या याला साक्ष कोणाची. रूतच्या आईकडचं कुणी उरलेलं नाही. सॅम्युएलला सासूचं घरातलं नाव तेवढं आठवत होतं.

"तुला सगळं ठाऊक, बाय. तू त्यांच्या घरी जायचीस यायचीस. तुझ्याशिवाय हे व्हायचं नाय."

जूडिथबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "म्हणजे साक्षीला."

"साक्षीला. आणि लग्नाला. लग्न काय तुझ्याशिवाय करणार का?"

ट्रंक बसच्या टपावर होती. 

लग्न नोंदवायच्या त्या कचेरीतला माणूस वाईट नव्हता. पांढरी दाढी, थकलेले डोळे; त्यानं जूडिथबाईंना स्वतः खुर्ची ओढून दिली. पण प्रश्न ते प्रश्नच. तो हिब्रूत विचारी, रूत मराठीत सांगे. पोरीची मराठी दीड वर्षात विरली होती. एकेक शब्द आठवून ती जोडत होती.

"आत्या, तो म्हणतो, आईच्या आईची आई... नाव?"

"घरात सोनूबाई. नाव मिर्याम."

सोनूबाई ऐकून त्या माणसानं मान वर केली. ते कसलं नाव? लाडाचं, जूडिथबाई म्हणाल्या. सोन्यासारखी म्हणून. त्यानं काहीतरी लिहिलं आणि पुढचं विचारलं.  रूतचे कान लाल झाले.

"तो विचारतो, ती खरंच... आपल्यातली होती? कशावरून?"

जूडिथबाईंनी पदर नीट केला. आईच्या आईच्या आईला असं उभं करून विचारायचं, ते ऐकताना त्यांना आपल्या अंगावरचं वस्त्र कुणी चाचपतंय असं वाटलं. पण रूत समोर होती.

"सांग त्याला, तिच्या घरी तेलाचा घाणा होता, रेवदंड्याच्या वाटेवर. शनिवारी घाणा बंद. बैल दिवसभर आंब्याखाली बसून असायचा. वाटेनं जाणाऱ्या माणसांना वार विसरला तर ते त्या बैलाकडे बघायचे. मी म्हातारीला पाहिलंय. मरेपर्यंत तिनं शनिवारी चूल पेटवली नाही."

रूतला घाण्याला हिब्रू शब्द येईना. तिनं 'यंत्र' म्हटलं. बैल आला. आंबा तिनं नुसतं झाड केलं. माणसानं ऐकून घेतलं, आणखी बरंच विचारलं, चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, आणि अखेर सही दिली. बाहेर पायऱ्यांवर रूतनं आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि तिथंच रडली. "तोदा, आत्या," ती आभार मानत राहिली. "तोदा, तोदा."

लग्न झालं. नवऱ्याकडच्या बायकांनी जूडिथबाईंच्या रेशमी लुगड्याला हात लावून पाहिला. आदल्या दिवशी मेंदी त्यांनी स्वतः भिजवली होती; हैफातल्या आपल्यातल्या चार बायका जमल्या, गाणी अर्धी आठवली, अर्धी नाही. हे दिवस बरे गेले. जूडिथबाई रूतच्या खोलीत झोपायच्या, समुद्र खरंच दिसायचा, ट्रंक भिंतीशी होती आणि त्यांनी ती उघडून पातेली बाहेर काढली होती.

सात दिवसांचं लग्नानंतरचं जेवणखाण आटोपलं आणि नवरा-नवरी सॅम्युएलच्याच घरी आली. त्यांना जागा नव्हती. खोल्या दोन. जूडिथबाईंचं अंथरूण बैठकीत आलं, जेवणाच्या टेबलाखाली पाय जातील असं. सकाळी त्या स्वयंपाक करताना सॅम्युएल बाल्कनीत उभा होता. त्या हात पुसत बाहेर गेल्या.

"सॅमू, माझं काय ठरवलंस?"

तो बंदराकडे पाहत होता. "वर्षाभरात पोरं जागा बघतील. मग तुला कायमची आणतो, बाय. ब्ली—"

"ते म्हणू नकोस."

त्यानं बंदरावरची नजर काढली नाही.

"मला कळतो आता त्याचा अर्थ," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील, मी शपथ कुठं घेतली होती. ती हिब्रूत नाही घेतलीस. माझगावला मराठीत शब्द दिला होतास. एका छपराखाली म्हणाला होतास. तो तू फिरवलास, सॅमू."

त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. आवाजही चढवला नाही. सॅम्युएलनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज भलताच बारीक होता.

"जागा मागितलीच नाय मी. पहिल्या वर्षी मिळाली असती. मागितली नाय." तो बहिणीकडे वळला. "बाय, तू माझं सगळं केलंस. मला ठाऊक नाय का? पण तू असलीस की मी अजून तोच. डबा घेतलास का, मफलर घातलास का. इथं आलो नि पन्नाशीला टेकता टेकता पहिल्यांदा माझं मी चहा केला. घाण झाला. पण बरं वाटलं. मग उद्या सांगू, परवा सांगू, असं करत..."

जूडिथबाईंना राग यायला हवा होता. आला नाही. रागापेक्षा वाईट काहीतरी आलं. त्यांनी इतकी वर्षं ज्याला माया म्हटलं होतं, त्याचा दुसरा अर्थ त्यांच्या पुढ्यात ठेवला गेला होता, आणि तोही चुकीचा नव्हता.

"शर्टाचं बटण तुटलंय तुझं," त्या म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या आत गेल्या.

आत रूत उभी होती. बाल्कनीचं दार उघडंच होतं. तिला सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी लागलं होतं.

"आत्या, 'शब्द फिरवला' म्हणजे काय? आबानं काय केलं?" तिनं हातानं हवेत एक गोल काढून दाखवला. शब्द, आणि फिरवणं. दोन्ही तिला सुटे सुटे ठाऊक होते. जोडून काय होतं ते माहीत नव्हतं.

जूडिथबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नवी नवरी, हातावरची मेंदी अजून केशरी, बापावर जीव. ती ह्याच घरात त्याच्याबरोबर राहणार होती.

"माणूस कामाच्या गडबडीत बोललेलं विसरला ना, त्याला म्हणतात," त्या म्हणाल्या. "शब्द फिरवला. म्हणजे विसरला. मोठं काही नाही."

"आह, शाखाख," रूत म्हणाली. विसरला. तिचा चेहरा मोकळा झाला. "तो नेहमी विसरतो."

"हो. नेहमी."

उभ्या जन्मात बाईंनी कुणाला चुकीचा अर्थ शिकवला नव्हता. त्या मोरीत गेल्या आणि पाण्याखाली भांडी घासत बसल्या, घासून झालेली पुन्हा घासत.

दोन दिवसांनी त्यांनी ट्रंक भरली. सॅम्युएल बीरशेवापर्यंत पोचवायला आला. ट्रंक त्यानं कुणाला उचलू दिली नाही. वाटेत दोघं आईविषयी बोलले, रेवदंड्याच्या माशांविषयी बोलले. निरोप घेताना तो बहिणीच्या पाया पडला. त्यांनी त्याला उठवलं, आणि त्यानं कसलंही वचन दिलं नाही. ह्या एका गोष्टीबद्दल त्यांना त्याचं कौतुक वाटलं.

मित्स्पे रामोनला रस्त्यावर ट्रंक उतरली ते येमिमानं खिडकीतून पाहिलं.  संध्याकाळी तिनं स्टोव्ह आणून दाराशी ठेवला, वर झाकण घातलेली रस्स्याची वाटी. कारखान्यात दुसऱ्या दिवशी कुणी कल्ला केला नाही. कात्री होती तिथंच होती.

मग त्यांनी हैफाची खोली मनातून काढली. खिडकीपाशी बसायच्या, पण काही लावायच्या नाहीत. वारा ऐकायच्या. कधी कधी मराठीतलं एखादं वाक्य मोठ्यानं म्हणून बघायच्या, गंजलं तर नाही ना म्हणून. बोलायला कुणी नव्हतं, हे दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण ते मराठीतच सांगता आलं असतं.

चौसष्टच्या उन्हाळ्याच्या शेवटी रूत एकटी आली. पोट दिसू लागलं होतं. इतक्या उन्हात, इतक्या लांब, कुणी न बोलावता. जूडिथबाईंना काय करू नि काय नको झालं. नारळाचं दूध मिळेना म्हणून गाईच्या दुधातला चिकाचा हलवा करायचा प्रयत्न केला, तो बसला नाही, दोघींनी चमच्यानं वाटीतून खाल्ला. बोलणं फार झालं नाही. रूत हिब्रूत सांगे, आत्या मराठीत विचारी, मधे मधे नुसतं हसणं. दुपारी रूत आत्याच्या खाटेवर झोपली आणि जूडिथबाई उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत राहिल्या. मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं ते रूतनं विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसपाशी रूतनं त्यांना मिठी मारली. पायरीवर चढून ती वळली.

"मी जाते, आत्या."

जूडिथबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जाते नाही म्हणू गं. येते म्हणावं."

"पण मी जातेय," रूत हसत म्हणाली. मग हिब्रूत ड्रायव्हरला काहीतरी बोलली. दार लागलं.

बस वळणापर्यंत दिसत राहिली. जूडिथबाई पदर सावरून वाऱ्यात उभ्या होत्या. पोरीचं बरोबरच होतं. ती जातच होती. तरी एकदा म्हणाली असती तर. त्या हळूहळू कारखान्याकडे चालू लागल्या. उशीर झाला होता, आणि आज डगल्यांचा नवा गठ्ठा यायचा होता.